घरच्या आरतीसाठी टाळ घ्यायचेत, काय बघून घ्यावेत?

अनुस्वार (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे साताऱ्याचे, गेली नऊ वर्षं बंगळुरूत आहोत. घरात दोन मुलं. मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेचार वर्षांचा.

गेल्या गणपतीत मी घरबसल्या झांजांची एक जोडी मागवली होती. फोटोत सोन्यासारखी चकचकीत दिसत होती. प्रत्यक्षात आली ती पत्र्यासारखी हलकी, आणि वाजवली की डब्याचं झाकण फरशीवर पडल्यासारखा आवाज. मुलीनं दोन दिवस वाजवली आणि म्हणाली, "आई, आजोबांच्या टाळांसारखं वाजत नाही." माझे बाबा साताऱ्याला भजनाला जायचे. त्यांचे टाळ आता भावाकडे आहेत, तो रोज वाजवतो, त्यामुळे ते मागणं बरोबर नाही. पण मुलीला तो आवाज आठवतोय याचं मला फार बरं वाटलं, आणि तेव्हापासून डोक्यात आहे की घरात एक तरी खरं वाद्य हवं.

आमच्या घरात कुणीच गाणं-बजावणं शिकलेलं नाही. पेटी, तबला वगैरे नको, शिकवणारं कुणी नाही आणि जागाही नाही. साधं, हातात धरून वाजवता येईल, आरतीला उपयोगी पडेल, मुलं मोठी झाली तरी टिकेल असं काहीतरी हवंय. तर विचारायचं असं: टाळ घ्यावेत की झांजा? पितळेचे की काशाचे, आणि दुकानात उभं राहून ते ओळखायचं कसं? धाकट्याच्या हातात काय द्यावं? आणि मुख्य म्हणजे बंगळुरूत असं काही मिळेल का, की पुढच्या पुणे फेरीपर्यंत थांबू? आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो.

---

पेठेतला

पुण्याला आलात तर तांबट आळीच्या आसपास आणि मंडईच्या बाजूला भांड्यांची, पूजेच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे वाजवून घेऊ देतात. आळंदीला गेलात तर अजून उत्तम, देवळाच्या वाटेवर टाळांची दुकानं ओळीनं आहेत. तिथले गिऱ्हाईक म्हणजे वारकरी आणि वारकरी शिक्षण संस्थेत शिकणारी मुलं. जोग महाराजांनी ती संस्था १९१७ साली काढली, तेव्हापासून त्या गावात टाळ ही रोजच्या वापराची वस्तू आहे. वाईट माल तिथे फार दिवस खपत नाही.

झांजा मात्र घरात घेऊ नका. त्या मिरवणुकीच्या. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत भाच्यानं वाजवल्या होत्या, पुढचा अर्धा तास माझ्या कानात शिट्टी वाजत होती.

---

सिन्नरची मावशी

अनुस्वार, आधी लेकीला शाबासकी द्या. आजोबांच्या टाळांचा आवाज एवढ्या वर्षांनी तिच्या कानात आहे आणि खोटा आवाज तिनं दोन दिवसांत ओळखला. दुकानात जाताना तिलाच बरोबर न्या. तुमच्यापेक्षा ती चांगली जोडी निवडेल.

मी कासाराची मुलगी. सिन्नरला आमचं भांड्यांचं दुकान होतं. हंडे, कळश्या, परातींच्या मागे एका फडताळात टाळ असायचे. टाळ आम्ही बनवत नव्हतो, ते नाशिकच्या ओताऱ्याकडून, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्याकडून यायचे, गोणपाटात बांधून, किलोवर. सुटे सुटे. त्यांच्या जोड्या लावणं हे आमच्याकडचं काम, आणि दहा-अकरा वर्षांची झाल्यावर ते माझ्याकडे आलं. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला जाते ती नाशिकवरून सिन्नरमार्गे. ज्येष्ठ लागला की आसपासच्या गावांतल्या दिंड्यांची माणसं दुकानात येऊ लागायची. कुणाला दोरी हवी, कुणाला नवी जोडी, कुणाचा एक टाळ फुटलेला.

असाच एक म्हातारा वारकरी एकदा आला. एका टाळाला काठापासून आतपर्यंत केसासारखी बारीक चीर गेली होती. वडिलांनी तो नखानं वाजवला. बद्द. दुसरा मात्र अजून खणखणीत होता. त्या माणसाला नवी जोडी नको होती. "तीस वर्षं हाच वाजवलाय, याला जोडीदार बघा," म्हणाला. वडिलांनी फडताळातली एकांड्या टाळांची पेटी काढली. त्याचा टाळ दोरीनं माझ्या उजव्या तर्जनीला टांगला, पेटीतला एक डाव्या तर्जनीला, आणि लाकडी काडीनं दोन्हींवर एकापाठोपाठ हलकेच टिचकी दिली. मला फक्त विचारलं, "लाटा ऐकू येतात का?"

हे एकदा समजलं की जोडी निवडायचं निम्मं काम झालंच. दोन टाळांचे आवाज एकमेकांपासून फार लांब असले तर ते दोन वेगळे आवाज म्हणूनच ऐकू येतात, भांड्याला भांडं लागल्यासारखे. जवळ आले की त्यांच्यात लाट उठते, वँव-वँव-वँव. जितके जवळ तितकी लाट संथ. अगदी एकसारखे असले तर लाट थांबते आणि एकच सरळ रेघ राहते. वडिलांना रेघ नको असायची. श्वासाच्या गतीनं येणारी संथ लाट त्यांना हवी असायची, तिला ते "घोळ" म्हणायचे. त्या दुपारी पेटीतले सगळे टाळ झाले. जोडीदार मिळाला तो तळाशी, काळा पडलेला, वजनालाही थोडा कमी. म्हाताऱ्यानं दोन्ही एकत्र वाजवले, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. वडिलांनी त्या टाळाचे पैसे मोडीच्या भावानं घेतले.

आता तुमच्या प्रश्नांकडे. झांज नको हे वर सांगितलंय ते बरोबर. झांज पातळ आणि पसरट असते, तिचा आवाज उघड्या मैदानासाठी. टाळ जाड, वाटीसारखा खोल, आवाज गोळा झालेला. घरासाठी टाळच.

पितळ की कासं? कासं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील, चांगल्या काशात साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. देवळातल्या चांगल्या घंटाही साधारण अशाच मिश्रणाच्या. कथील म्हणजे कल्हईवाला नवसागर टाकून कापसाच्या बोळ्यानं भांड्याला आतून पसरवतो ते. एकटं कथील इतकं मऊ की हातानं वाकतं, २३२ अंशांना वितळतं. तांबंही तसं मऊच. पण दोन्ही या प्रमाणात एकत्र आले की धातू काचेसारखा ताठ होतो, म्हणून एकदा थरथरला की लवकर थांबत नाही. आणि काचेसारखा म्हणूनच पडला की फुटतो. आमच्या दुकानातली काशाची एक थाळी भावाच्या हातून शहाबादी फरशीवर पडली, तिचे दोन तुकडे झाले होते. पितळेची परात पडली तर पोचा येतो, एवढंच.

ओळखायला सोपं आहे. तुमच्या आईकडे किंवा सासूबाईंकडे तळपाय घासायची काशाची वाटी असेल. ती उपडी करून बोटांच्या टोकांवर तोला आणि काठावर टिचकी मारा. मग पितळेच्या वाटीवर मारा. पितळेचा आवाज येतो आणि बसतो. काशाचा जात राहतो. तुम्ही मनात आकडे मोजा. माझ्या घरच्या जोडीचा नाद पंधरापर्यंत पुरतो. रंगातही फरक असतो: पितळ हळदीसारखं पिवळं, कासं फिकट, थोडं राखाडीकडे झुकणारं. पण चकाकीचा थर चढवलेला असला की रंग फसवतो, म्हणून कानावर भरवसा ठेवा.

दुकानात जोडी हातात घेऊन लगेच एकमेकांवर आपटू नका. आधी एकेक टाळ दोरीनं बोटाला टांगा, दुसरीकडे कुठेही टेकू देऊ नका, आणि पेन्सिलच्या लाकडी मागच्या टोकानं काठावर हलकेच वाजवा. आवाजात झर्र अशी कुरकुर आली किंवा तो लगेच बसला तर चीर असणार, डोळ्यांना दिसो न दिसो. मग काठावरून अंगठा फिरवा. धार लागली तर तो टाळ मुलांच्या हाताचा नाही. मधल्या भोकाची कडही बघा. ती खरखरीत राहिली असेल तर दोरी दोन महिन्यांत कातरते आणि टाळ पायावर पडतो. ओतकामात राहिलेली बारीक छिद्रं एखाद-दुसरं असलं तर बिघडत नाही, काठाजवळ मात्र नको. शेवटी दोन्ही टांगून लाटा ऐका. दुकानदारानं पाच जोड्या काढल्या तर जोड्या मोडून एकीतला एक, दुसरीतला एक असंही लावून बघा. खरा कासार त्याला कधी नाही म्हणणार नाही.

"कुटुंबासाठी संच" म्हणून टाळ, झांज, खंजिरी, घंटी असं एकत्र विकतात, त्याच्या नादी लागू नका. तेवढ्या पैशात एक चांगली जोडी येते, आणि ती तुमच्या नातवंडांपर्यंत पुरते. लेकीसाठी तिच्या मुठीत मधला फुगवटा नीट बसेल एवढीच घ्या. मोठ्या माणसाची जोडी आठ वर्षांच्या मनगटाला जड होते. ती दहा मिनिटांत कंटाळली असं आपल्याला वाटतं, खरं तर तिचा हात दुखत असतो.

धाकट्याला टाळ आत्ताच नकोत. त्याला घुंगरांची पट्टी द्या, जाड कापडावर घट्ट शिवलेली, घोट्याला बांधून नाचू दे. सुटं घुंगरू त्याच्या हाती लागता कामा नये, तोंडात घालण्याएवढंच असतं ते. आणि कुठलाही टाळ, घुंगरू तोंडात घालू देऊ नका. भंगार वितळवून केलेल्या पितळेत शिसं असू शकतं.

---

घुमटवाला, फोंडा

मावशी, तुमच्या लाटांचं वाचून मी घरातली कांसाळीं, म्हणजे आमचे मोठे टाळ, काढून टांगून पाहिली. येते हो लाट! इतकी वर्षं वाजवतोय, कधी असं ऐकलं नव्हतं.

अनुस्वार, गोव्यात चवथीला घरोघरी घुमट-आरती होते त्यात तीन वाद्यं: घुमट, शामेळ (काड्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कांसाळें. घुमट मातीचं, तोंडावर चामडं ताणलेलं. पूर्वी घोरपडीचं असायचं, आता बकऱ्याचं. २०१९ मध्ये सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं, तेव्हापासून मुलं ते शिकायला येतात, चांगलंच आहे. पण आमच्या घरात मुलाच्या हातात पहिलं येतं ते कांसाळें. घुमटाचे हात येईपर्यंत वर्ष जातं. कांसाळें धरलं की मूल त्याच दिवशी आरतीत असतं, मोठ्यांच्या ओळीत उभं.

तिथेच एक गोष्ट शिकवली जाते. घुमटवाला कितीही रंगात आला, शामेळ कितीही धावला, तरी कांसाळेंवाल्यानं हलायचं नाही. लय त्याच्याकडे. माझ्या आज्यानं मला सहाव्या वर्षी मधे उभं केलं आणि सांगितलं, सगळे तुझ्याकडे बघून वाजवणार. ती रात्र मी विसरलेलो नाही. मान ताठ करून उभा होतो, घाम फुटला होता, पण एक घाव चुकला नाही.

कांसाळें मोठं असतं, टाळापेक्षा मोठ्या आवाजाचं, फ्लॅटला चालणार नाही. मुलीला मात्र ही जबाबदारी जरूर द्या. आरतीची लय तिच्या हातात.

---

तबला शिकतोय

बंगळुरूत मिळणार नाही असं का वाटलं? कन्नड हरिदास संतांच्या पदांना टाळ लागतोच. पुरंदरदासांचा देवही विठ्ठलच. जुन्या पेठेत, चिकपेट-ॲव्हेन्यू रोडच्या भागात भांड्यांच्या आणि पूजेच्या सामानाच्या दुकानांत "ताळ" म्हणून विचारा.

---

अनुस्वार

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, तुमचं उत्तर मी मुलीला मोठ्यानं वाचून दाखवलं. वारकरी आजोबांच्या गोष्टीला ती गप्प झाली आणि मग विचारलं, "त्यांचा फुटलेला टाळ कुठे गेला?" मला सांगता आलं नाही.

शनिवारी पेठेत जाणार आहोत. अजून तीन गोष्टी विचारते. वाजवायला सुरुवात कशी करून द्यायची, आम्ही दोघंही अडाणीच? शेजाऱ्यांसाठी आवाज कमी करायचा काही मार्ग? आणि दोरी कशी बांधायची, बाबांच्या टाळांची दोरी लांब होती, ते गळ्यात अडकवायचे.

---

सिन्नरची मावशी

लेकीला सांगा, फुटलेला टाळ मोडीत गेला. फुटलेलं कासं सांधता येत नाही. डाग देऊन जोडलं तरी त्याला नाद येत नाही. वडील असे तुकडे एका डब्यात साठवायचे आणि डबा भरला की ओताऱ्याकडे पाठवायचे. तो ते मुशीत घालून वितळवायचा आणि साच्यात ओतायचा. त्या म्हाताऱ्याचा टाळ पुढच्या ज्येष्ठाच्या आत नव्या टाळांत मिसळून सिन्नरलाच परत आला असेल.

दोरीचं आधी सांगते, कारण ते महत्त्वाचं. वारकरी गळ्यात अडकवतात ते बरोबर आहे, दिवसभर चालायचं असतं, मधे हात मोकळे लागतात. पण मुलांच्या गळ्यात लांब दोरी अजिबात घालू नका. घरात खेळताना कुठे अडकली तर फास बसतो. लेकीसाठी दोन्ही टाळांना वेगवेगळी, वीतभर दोरी बांधा. सुती आणि मऊ, करंगळीच्या निम्म्या जाडीची. नायलॉनची दोरी बोटाला कापते आणि गाठ सुटते. दोरी दुहेरी करा, तिची दोन्ही टोकं फुगवट्याच्या बाजूनं भोकातून आत, खोलगट बाजूला घ्या आणि तिथे घट्ट गाठ मारा. गाठीखाली चामड्याची किंवा जाड कापडाची छोटी चकती ठेवा, म्हणजे गाठ धातूवर घासत नाही. गाठ मात्र काठाच्या वर येऊ देऊ नका, नाहीतर टाळ एकमेकांवर नीट बसत नाहीत. बाहेर जो फास उरतो तो तर्जनीत अडकवायचा, एक वेढा घ्यायचा, आणि फुगवटा मुठीत. मूठ सैल असेल तर नाद मोकळा. मूठ आवळून बोटं धातूला टेकवली की नाद बंद. सगळं वाजवणं या दोन गोष्टींतच आहे.

आता वाजवायचं. नवीन माणूस दोन टाळ ताटल्यांसारखे समोरासमोर आणून आपटतो. तसं केलं की मधे हवा कोंडते आणि फट्ट असा आवाज येतो, नाद निघतच नाही. डावा टाळ पोटासमोर स्थिर, तळहातावर वाटी धरल्यासारखा. उजवा वरून यावा, किंचित तिरका, काठ काठाला लागावा आणि लगेच सुटावा. गरम तव्याला बोट लागल्यावर आपण कसं उचलतो, तसं सुटायचं. माझ्या भजनी मंडळातल्या बायकांना मी हेच सांगते, आणि साठीतल्या बाईलाही दोन दिवसांत जमतं.

मग बंद घाव. उजवा टाळ डाव्यावर टेकवून तसाच दाबून ठेवायचा. च्यक. एवढंच.

आता चारपर्यंत मोजा. एकला मोकळा, दोनला बंद, तीनला बंद, चारला काहीच नाही. छन्, च्यक, च्यक, आणि रिकामं. बहुतेक आरत्या कहरवा तालाच्या आठ मात्रांत बसतात, म्हणजे हेच दोनदा. मुलांना चौथी रिकामी जागा सगळ्यात अवघड जाते. हात शिवशिवतो, तिथेही वाजवावंसं वाटतं. तिथे तिला श्वास घ्यायला सांगा. श्वास घेतला की हात आपोआप थांबतो. पहिले आठ दिवस गाणं नको, नुसते आकडे. तेही उभं राहून, चालत. एक पाऊल एक घाव. दिंडीत पावली खेळतात ती अशीच, टाळाच्या घावावर पाय पुढे-मागे. हातानं लय चुकते, पायानं सहसा चुकत नाही. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू दे. धाकटा घुंगरू बांधून मागून चालेल, त्याला वेगळं शिकवायला लागणार नाही.

आणि लय चढू देऊ नका. आरती शेवटाकडे आली की सगळेच धावतात. फोंड्याचे भाऊ म्हणाले ते खरं, टाळवाल्यानं हलायचं नाही. लेक हलली नाही तर मोठ्यांना तिच्यामागे यावं लागेल.

शेजाऱ्यांसाठी सगळे घाव बंद वाजवता येतात, सरावाला तेवढं पुरतं. डाव्या टाळाच्या आत मऊ सुती रुमालाची घडी ठेवली तरी नाद निम्म्यावर येतो. आरतीला मात्र मोकळे वाजवा, पाच-दहा मिनिटांचाच प्रश्न. धाकट्याच्या कानाशी कुणी वाजवणार नाही एवढं बघा. टाळ छातीखाली राहिला पाहिजे, तोंडासमोर नाही.

वाजवून झाल्यावर सुक्या फडक्यानं पुसून ठेवायचे. हाताचा घाम राहिला की हिरवं धरतं, पितळेत ताक कळकतं तसंच. महिन्या-दोन महिन्यांनी चिंचेच्या कोळानं हलक्या हातानं घासा, लगेच पाण्यानं धुवा, लगेच कोरडे करा. आंबट तसंच राहिलं तर पुन्हा हिरवं. काथ्या किंवा तारेची घासणी लावू नका. दोन्ही टाळ एकमेकांत उपडे घालून ठेवू नका, मधे कापड ठेवा. थोडे काळवंडले तर काळवंडू देत. आवाज रंगावर नसतो.

---

घुमटवाला, फोंडा

रिकाम्या जागेचं अगदी खरं. माझा आजा तिथे माझ्या खांद्यावर नुसतं बोट ठेवायचा.

---

अनुस्वार

शनिवारी जाऊन आलो, म्हणून लिहिते.

तिसऱ्या दुकानात मिळाले. पहिल्या दोन ठिकाणी सगळं चकचकीत, हलकं, पिशवीत बंद, उघडून द्यायला नकार. तिसरं दुकान अरुंद, आत आत जाणारं, छताला समया आणि घंटा टांगलेल्या. म्हाताऱ्या दुकानदारांना मी मोडक्या कन्नडमध्ये "ताळ" म्हटलं तर त्यांनी शिडी लावून वरची पेटी काढली. मुलीनं पिशवीतून पेन्सिल काढली. ते आधी बघत राहिले. तिनं पहिला टाळ बोटाला टांगून वाजवला आणि ओठ हलवत मोजायला लागली तेव्हा त्यांनी हातातली वही बाजूला ठेवली आणि गल्ल्यावरचा पंखा बंद केला, तिला नीट ऐकू यावं म्हणून.

तिनं सात टाळ वाजवले. एकात झर्र आली, तो तिनं स्वतः बाजूला ठेवला. जोडी लागली ती दोन वेगवेगळ्या जोड्यांतली. लाट मला आधी कळलीच नाही. तिनं माझं डोकं धरून दोन्ही टाळांच्या मधे आणलं, तेव्हा कळली. अगदी संथ होती. एक टाळ दुसऱ्यापेक्षा जरा गडद आहे, वजन काट्यावर केलं तर दोन्ही मिळून ४१० ग्रॅम भरले. दुकानदारांनी भोकाची कड कानशीनं घासून गुळगुळीत करून दिली, मी न सांगता. दोरी त्यांच्याकडे नायलॉनचीच होती, म्हणून पडद्याची जुनी सुती दोरी कापून घरी बांधली.

काल बाबांना फोनवर ऐकवलं. आधी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "डावा हात हलतोय तिचा." कॅमेरा बंद होता, नुसत्या आवाजावरून. मुलगी लगेच डावा कोपर पोटाशी धरून उभी राहिली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

मावशी, एक राहिलंच. चौथ्या जागेला ती श्वास घेते, पण इतक्या मोठ्यानं की धाकट्यालाही तीच जागा आवडायला लागलीय. तोही तिथे मोठ्यानं श्वास घेतो आणि पाय आपटतो. थांबवू का?

---

सिन्नरची मावशी

नको. त्याला लय कळलीय. पाय आपटणं दोन-तीन आठवड्यांत आपोआप कमी होईल.

दोरी नवीन आहे तोवर रोज एकदा गाठ ओढून बघा. सुती दोरी पहिल्या महिन्यात ताणते आणि गाठ सैल पडते. सैल वाटली की पुन्हा मारा.